मिकीचे पांढरे हातमोजे



मिकी माऊस सदानकदा पांढरे हातमोजे का घालतो? ‘स्टीमबोट विली’ हा चित्रपट १९२८ साली पडद्यावर आला तेव्हा मिकीचे हात उघडेच होते. पण कृष्णधवल चित्रात काळ्या अंगापुढे काळा हात आला की दिसेनासा व्हायचा. म्हणून १९२९च्या ‘द ऑप्री हाउस’मध्ये त्याला मोजे मिळाले.

हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. अमेरिकन प्रेक्षकाला असे मोजे आधीपासून ओळखीचे होते. तिथल्या ‘मिन्स्ट्रेल शो’त गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठ जाड रंगवून काळ्या माणसांची टवाळी करत. पांढरे हातमोजे त्याच सोंगातले. मिकीच्या मागोमाग पडद्यावर आलेल्या बॉस्को या कार्टून-पात्राची तर कागदोपत्री नोंदच ‘निग्रो मुलगा’ अशी होती.

व्यंगचित्रपट सहा-सात मिनिटांचा. पात्राची ओळख करून द्यायला सवड नसते. ते दिसताक्षणी कळलं पाहिजे. मग चित्रकार प्रेक्षकाच्या डोक्यात आधीच बसलेला साचा उचलतो. हा उद्योग मिकीच्याही आधीचा. १९०७च्या ‘लाइटनिंग स्केचेस’ या चित्रपटात स्टुअर्ट ब्लॅक्टन या चित्रकारांनी काळ्यांना हिणवणारा एक शब्द लिहिला, ‘कोहेन’ हे ज्यू आडनाव लिहिलं, आणि त्या अक्षरांमधूनच दोन चेहरे काढून दाखवले. हात काय सफाईचा! आणि काय काढायला वापरला!

आपल्यापैकी अनेकजण ‘टॉम अँड जेरी’ बघत वाढले. स्फोट होतो, धूर विरतो आणि टॉमचं तोंड काळंठिक्कर, ओठ जाड, डोक्यावर चिमुकल्या वेण्या. मीही खदखदून हसलो आहे. आपल्याला वाटायचं, काजळी लागली. खरं तर ते मिन्स्ट्रेलचं सोंग होतं.

त्याच घरातली ती बाई आठवते? झाडू घेऊन टॉमच्या मागे धावणारी, जिचे फक्त पाय दिसायचे? १९४०च्या पहिल्या चित्रपटापासून ती काळी मोलकरीण होती आणि तिचा आवाज होता लिलियन रँडॉल्फ या काळ्या अभिनेत्रीचा. श्रेयनामावलीत त्यांचं नाव नसायचं. पुढे साठच्या दशकात अमेरिकन टीव्हीसाठी काही चित्रपटांत ते पाय गोरे करून रंगवले गेले. आक्षेप टळला. पण त्याबरोबर रँडॉल्फ यांचा आवाजही काढून टाकला गेला.