निखाऱ्यावरची कोंबडी, आतलं तापमान

नांदगावच्या शिवारात निखाऱ्यावर कोंबडी भाजायला घेतली, की वरून ती लवकर खरपूस दिसते. मांडीच्या हाडाजवळ मात्र कच्ची राहू शकते. 2006च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता : मांस आतपर्यंत, सगळीकडून 70 अंश सेल्सियस तापलं पाहिजे. पण हे नुसत्या डोळ्यांना कसं कळणार?

इथे वायरलेस मीट थर्मामीटर फार कामाला येतो. स्टीलची सळई मांसात खुपसायची, आतलं तापमान ब्लूटूथने मोबाइलवर दिसत राहतं. झाकण सारखं उघडावं लागत नाही, धग टिकते. सळई मांडीच्या सर्वांत जाड भागात घाला, हाडाला टेकली तर आकडा फसवतो. कोंबडीला 74 अंश धरा, म्हणजे धास्ती नको. मटणाचा अख्खा तुकडा 63 अंशांवर उतरवून किमान 3 मिनिटं ठेवला तरी चालतो. खिम्याला मात्र 71 हवेत, कारण तो करताना वरचे जंतू आत मिसळतात.

तंदूरच्या भट्टीत सळई घालण्याआधी ती किती उष्णता सोसते, हे माहितीपत्रकात बघाच. बऱ्याच सळयांच्या पोटात बॅटरी असते, थेट ज्वाळेत ती निकामी होते. धातूच्या झाकणाआड सिग्नल दुबळा पडतो, म्हणून मोबाइल जवळ असू द्या. आणि पहिल्या वापराआधी सळईचं टोक बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहा, आकडा शून्याच्या आसपास आला पाहिजे.