यादी रिकामी, यंत्रे चालू



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, ते प्रयोगवहीतील 'निरीक्षण' आणि 'अनुमान' हे दोन रकाने कधी एकत्र होऊ देत नसत. माझ्या व्यवसायातील एक प्रसंग त्या दोन रकान्यांच्या आधारे आपणांपुढे मांडतो.

एकाच संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालविण्याची कल्पना जुनी आहे, आय.बी.एम.ने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली त्याच हेतूने आणली. लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम आले ते २००७ साली, २.६.२० या आवृत्तीत. प्रत्येक आभासी यंत्र म्हणजे लिनक्सच्या दृष्टीने क्यूएमू या प्रोग्रामची एक स्वतंत्र प्रक्रिया. त्यांचा कारभार लिब्व्हर्ट पाहते. कारभारी निराळा, राबणारा निराळा. कारभारी सेवा बंद पडली, तरी यंत्रे सहसा चालूच राहतात.

एका रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या तरुणाचा मला रात्री दूरध्वनी आला. "सर, चारही मशीन गेली. यादीत एकही नाव नाही." नोंदणी, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधभांडार, देयके, सारे त्या चार यंत्रांवर. आठवड्यापूर्वीच्या बॅकअपमधील डिस्कच्या फायली मूळ फायलींवर उतरविण्याच्या तो बेतात होता.

मी विचारले, "खाली नोंदणीच्या खिडकीवर काम थांबले आहे का?" तो जिना उतरून पाहून आला. काम चालू होते.

यंत्रे चालू असताना त्यांच्याच डिस्कवर जुनी प्रत लिहिली असती, तर आठवड्याच्या नोंदी तर गेल्याच असत्या, शिवाय फायलींची घडीही विस्कटली असती. त्याला चालू प्रक्रियांची यादी काढावयास सांगितले. क्यूएमूच्या चार प्रक्रिया तेथे सुखरूप होत्या.

मग यादी रिकामी का? व्हर्श ही आज्ञा मुख्य प्रशासकाने दिली, तर ती 'सिस्टिम' या सामाईक दालनाशी जोडली जाते. सामान्य वापरकर्त्याने दिली, तर बहुधा 'सेशन' या त्याच्या खासगी दालनाशी. हा तरुण स्वतःच्या खात्यातून आत शिरला होता आणि त्याच्या दालनात एकही यंत्र नव्हते. संगणकाने उत्तर खरेच दिले होते. अशा वेळी दोषाचा ठसठशीत संदेश परवडतो. रिकामा तक्ता अधिक घातक, असे माझे मत आहे.

याच जातीचा आणखी एक चकवा आहे. यजमान संगणकाची डिस्क भरली की आभासी यंत्र बहुधा 'पॉज्ड' स्थितीत जाते. ते मेलेले नसते, थबकलेले असते; जागा मोकळी करून 'रिझ्यूम' म्हटले की पुढे चालू लागते. तेथेही पुनःस्थापनेची घाई नडते.

त्या तरुणाच्या खात्यात जोडणीचा पत्ता 'सिस्टिम' असा कायम केला आणि त्याला 'लिब्व्हर्ट' गटात घेतले. या गटाचे सदस्यत्व म्हणजे जवळजवळ मुख्य प्रशासकाचेच अधिकार; म्हणून ते कोणाला व केव्हा दिले, याची नोंदवही ठेवण्यास मी सुचविले. पहिली नोंद त्या तरुणाच्याच नावाची झाली.