कलहारीतलं बोअर
(पाड्यांच्या बैठकीत केलेलं भाषण, जसं बोललं तसं)

 

मागच्या बैठकीत एका आजीनं मला विचारलं, "बाई, पैसे देतो म्हणतात, घ्यावं का?" मी तेव्हा गप्प बसले. आज पण घ्या किंवा नको घेऊ असं मी सांगणार नाही. ते ग्रामसभेनं ठरवायचं. मी फक्त लांबच्या एका देशात काय घडलं ते सांगते. हे कोर्टात शाबित झालेलं आहे.

आफ्रिकेत बोत्स्वाना नावाचा देश आहे. तिथं कलहारी म्हणून कोरडा मुलूख आहे. नुसती वाळू, गवत, काटेरी झुडपं. वर्षातले कितीतरी महिने उघड्यावर पाणी दिसत नाही. तिथले जुने रहिवासी म्हणजे सान लोक. त्यांच्या बोलीत जीभ टाळूला लावून टक् असा आवाज काढतात, म्हणून त्यांच्या टोळ्यांची नावं मला नीट घेता येत नाहीत. हे लोक पाणी कुठून पितात? कंदातून, आणि रानटी कलिंगडातून. तेच कलिंगड तिथली हरणं पण खातात. माणूस आणि जनावर एकाच वेलावर जगलेत.

1961 साली इंग्रजांच्या राज्यात तिथं अभयारण्य झालं. बावन्न हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा सहावा हिस्सा. आता नीट ऐका. ते फक्त जनावरांसाठी नव्हतं. सान लोकांना शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगता यावं हा पण त्यामागचा हेतू होता.

मग स्वतःचं सरकार आलं. 1980 नंतर त्या जंगलात हिरे सापडले. सरकार म्हणतं, हिऱ्यांचा आणि लोकांना उठवण्याचा काही संबंध नाही. माणसं आता घोडे-बंदुका वापरतात, शेळ्या पाळतात, त्यानं वन्यजीव संपतील, आणि बाहेर आलात तर शाळा-दवाखाना मिळेल. शाळा-दवाखाना मिळाला, हे खोटं नाही. पण 1997 ला आणि पुन्हा 2002 ला ट्रक आणून लोकांना बाहेर नव्या वसाहतीत नेलं. 2002 ला रेशन बंद. मोथोमेलो गावच्या बोअरचं इंजन काढून नेलं. वाळवंटात पाणी तोडलं की हाकलायला काठी लागत नाही.

आणि जनावरं खरंच कोणी मारली? त्या जंगलाच्या उत्तर हद्दीवर 1958 मध्ये तारेचं लांबच लांब कुंपण घातलं, गुरांचा रोग पसरू नये आणि मांसाचा धंदा टिकावा म्हणून. दुष्काळात विल्डबीस्ट नावाची मोठी हरणं पाण्याकडे निघाली, तारेला अडली आणि हजारोंनी तिथंच मेली. धनुष्यबाणवाल्या सान माणसानं तेवढी सात पिढ्यांत मारली नसतील, असं मला वाटतं.

लोक कोर्टात गेले. 13 डिसेंबर 2006 ला निकाल लागला. तिघंही न्यायाधीश म्हणाले, लोकांचा ताबा कायदेशीर होता; तिघांपैकी दोघं म्हणाले, त्यांना मर्जीविरुद्ध काढलं, ते परत जाऊ शकतात. योगायोग बघा, दोनच दिवसांनी, 15 डिसेंबरला, आपला वनहक्क कायदा लोकसभेत मंजूर झाला.

पण निकालानं घर वसत नाही. पाणी परत द्यायला सरकार बांधील नाही, असंही त्याच निकालात होतं. ज्यांची नावं अर्जात तेवढ्यांनाच आत सोडणार, बाकीच्यांनी परवाना काढा, असं सरकारनं धरलं. लोक म्हणाले, आमच्या पैशानं बोअर चालू करतो. तरी नाही. त्याच जंगलात जनावरांसाठी बोअर पाडले, टुरिस्टांच्या हॉटेलात पोहायचा हौद झाला. शेवटी 2011 साली 27 जानेवारीला वरच्या कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी बोअरची परवानगी दिली. इंजन निघाल्याला नऊ वर्षं झाली होती.

आता आपलं. मागच्या वर्षी माझ्या आईचा विळा गवत कापताना काढून घेतला. "वाघाला त्रास होतो" म्हणाले. वाघ आपण पण बघितलाय, त्याला वाघदेव म्हणून पुजतो. वाघ राहावा हे आपल्यालाही हवंच आहे.

वनहक्क कायद्याचं कलम 4(2) वाचून घ्या. अभयारण्यातून उठवायचं असेल तर आधी हक्कांचे दावे पुरे झाले पाहिजेत. माणसांमुळे वन्यजीवांचं भरून न येणारं नुकसान होतं आणि एकत्र राहायचा दुसरा मार्गच नाही, हे त्यांनी दाखवायला पाहिजे. ग्रामसभेची लेखी, राजीखुशीची संमती पाहिजे. नव्या जागी जमीन, सोयी तयार पाहिजेत. आणि 4(5) म्हणतं, दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कोणाला हटवता येत नाही.

म्हणून आजी, पैशाआधी एक विचार, "आमच्या दाव्याचं काय झालं?" सानांच्या अर्जात ज्यांची नावं राहिली ते दाराबाहेर राहिले. पुढच्या बैठकीला प्रत्येक घरानं दाव्याची पोच आणावी. पोच नसेल तर वहीत नाव लिहून घेऊ. विधवा बाया, वेगळी चूल मांडलेली पोरं, कामाला बाहेरगावी गेलेले, सगळ्यांची नावं. तोवर कोऱ्या कागदावर अंगठा नाही.

जोहार.