जेवणाआधीची सुई आणि आपलं ताट

आज आम्ही बोलणार आहोत जेवणाआधी घ्यायच्या, लवकर असर करणाऱ्या इन्सुलिनबद्दल. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की बायका आधी विचारतात, सुई फार दुखते का हो? आताच्या सुया बारीक असतात, दुखणं फारसं नाही. आम्हाला काळजी आहे ती वेगळीच. सुई टोचल्यावर आपण जेवतो कधी?

आपल्याकडची रीत आपल्याला माहीत आहे. मालक रानातून येतात, पोरं शाळेतून येतात, सासऱ्यांचं वेगळं. गरम भाकरी एकेकाच्या ताटात पडते आणि आपलं ताट सगळ्यांत शेवटी. तेवढ्यात पाव्हणं आलं की चहा ठेवा. इन्सुलिन मात्र कुणासाठी थांबत नाही. साधं रेग्युलर इन्सुलिन अर्ध्या तासात कामाला लागतं, दोन ते चार तासांत त्याचा जोर सगळ्यांत जास्त असतो आणि सहा ते आठ तास ते अंगात राहतं. म्हणून ते जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं. काही नवी इन्सुलिनं याहून लवकर लागू होतात. ती जेवणाआधी पाच ते पंधरा मिनिटं, म्हणजे ताट समोर आल्यावरच घ्यायची. आपलं कोणतं आहे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि घरात स्पष्ट सांगा, जी बाई सुई घेते तिचं ताट पहिलं. हे सासूबाईंनीच सांगितलं तर फारच बरं.

सुई घेतली आणि जेवण लांबलं, किंवा ऊसात भांगलण जास्त झाली, तर साखर ७० च्या खाली उतरते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, छातीत धडधडतं, बोलणं अडखळतं, माणूस उगाच चिडतं. घरचे म्हणतात ऊन लागलं. कुणी म्हणतं अंगात आलं. अशा वेळी आधी साखर द्या, बाकीचं नंतर बघू. तीन चमचे साखर पाण्यात विरघळून प्यायची. साखर नसेल तर आपला गूळ पाण्यात कालवून चालेल. पेढा-बर्फी नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या, आणि बरं वाटलं की भाकरी खा. बेशुद्ध बाईच्या तोंडात मात्र पाणी, साखर, काही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. रानात जाताना पदराच्या गाठीला साखरेची पुडी असू दे.

आता जरा नीट ऐका, कारण या गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, ४० आणि १००. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. पेनातलं इन्सुलिन साधारणपणे १०० चं असतं. पेन बिघडलं म्हणून त्यातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं आणि खूण २० ची पाहिली, तर अंगात २० नाही, ५० युनिट जातात. अडीच पट! उलट ४० च्या बाटलीला केशरी सिरिंज लावली, तर २० च्या जागी ८ च युनिट जातात आणि साखर चढत राहते. म्हणून पेनातलं इन्सुलिन सिरिंजमध्ये ओढायचंच नाही, आणि दुकानातून आणताना बाटली दाखवून सिरिंज घ्यायची.

रेग्युलर इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. गढूळ झालं तर वापरू नका. पोटावर, बेंबीपासून दोन बोटं लांब टोचा आणि रोज जागा बदला. एकाच जागी टोचलं की गाठ धरते आणि तिथून औषध नीट शोषलं जात नाही. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. फ्रीज नसेल तर बाटली डब्यात घालून माठाजवळ सावलीत ठेवा, चुलीजवळ नको. उघडल्यावर तारीख लिहा आणि चार आठवड्यांनी बदला.

राहिला उपास. अंबाबाईच्या नवरात्रात आपल्यातल्या कितीतरी जणी नऊ दिवस उपास धरतात, कुणी नुसत्या पाण्यावर राहतात. जेवण नाही तर जेवणाआधीची सुई नेहमीसारखी घेता येत नाही, आणि मनानेच सगळं इन्सुलिन बंद करणंही धोक्याचं. साबुदाणा खाल्ला तर साखर उलट चढते. म्हणून घट बसायच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटा आणि उपासाचे डोस त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. उलट्या-जुलाब लागले तरी हेच, थांबू नका, त्याच दिवशी विचारा.

पुढच्या बैठकीला येताना घरातली बाटली आणि सिरिंज घेऊन या. दोन्हींवरचा आकडा आपण मिळून वाचू. ज्यांना अक्षर लागत नाही, त्यांना टोपणाचा रंग दाखवू.