चरबीतला कार्बन

उत्तर अटलांटिक महासागरात तांदळाच्या दाण्याहून लहान असा ‘कॅलॅनस’ नावाचा जीव तरंगत असतो. वसंतात सूक्ष्म वनस्पती खाऊन तो लठ्ठ होतो. भिंगाखाली त्याच्या पारदर्शक अंगातली तेलाची लांबट पिशवी स्पष्ट दिसते. हवेतून समुद्रात आलेला कार्बन असा त्या तेलात साठतो. मग थंडी काढायला हा जीव ६०० ते १,४०० मीटर खोल उतरतो आणि महिनोन्‌महिने त्याच चरबीवर जगतो. तिथे त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड लवकर वर येत नाही. २०१५ साली शास्त्रज्ञांनी गणित मांडलं, तेव्हा हा कार्बन त्या भागात वरून गळणाऱ्या विष्ठा-अवशेषांतल्या कार्बनच्या तोडीचा निघाला. एवढा मोठा वाटा तोवर हिशेबातच नव्हता! हवामानाच्या अंदाजांत या जीवाची दखल आता घ्यायलाच हवी.