तारीख ठरवणारी माया



झाशीत मराठीतून चार शब्द बोलायला मिळावेत, हा मी माझा मोठा सन्मान समजते. हे गाव मराठीला परके नाही. १७४२च्या सुमारास नारो शंकर इथे सुभेदार म्हणून आले. त्यांनी किल्ला वाढवला, किल्ल्याखाली शहर वसवले आणि कोकणातली, देशावरची घरे इथे आणली. त्या घरांचे वंशज आज समोर बसले आहेत. घरात मराठी बोलणारे, बाजारात बुंदेली बोलणारे आणि दोन्हीत सारखेच मोकळे वाटणारे हे लोक. त्यांच्यासमोर मला पुढारपणाविषयी बोलायचे आहे. शिक्षक, संपादक, मंडळाचे कार्यवाह, ग्रंथपाल अशी दहा माणसांना बरोबर घेऊन चालणारी मंडळी या सभागृहात पुष्कळ आहेत, आणि सध्या हे काम फार अवघड झाले आहे. जात, धर्म, भाषा, पक्ष यांवरून एकाच घरातली माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. मंडळाच्या बैठकीत निम्मी माणसे दुसऱ्या निम्म्यांकडे पाठ करून बसतात.

अशा काळात माणसे कशी सांभाळावीत, याची एक प्रत्यक्षदर्शी मराठी साक्ष याच गावाची आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चार पैसे मिळवायला उत्तरेत निघाले आणि बंडाळीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तांत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला. पुढे अमृतलाल नागरांनी तो हिंदीत नेला. राणी लक्ष्मीबाईंचे घोड्यावरचे, तलवार उगारलेले चित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. गोडसे भटजींनी पाहिलेल्या बाईसाहेब मात्र बहुतेक वेळ राज्याच्या रोजच्या कामात दिसतात.

त्या पुस्तकातला एक प्रसंग मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले. थंडीचे दिवस होते. महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतताना बाईंना दक्षिण दरवाजाशी भिकाऱ्यांची गर्दी दिसली. हे लोक का जमले, असे त्यांनी दिवाणांना विचारले. थंडी सोसवत नाही, अंगावर घालायला काही मिळावे, असे त्यांचे मागणे होते. बाईंनी तिथल्या तिथे हुकूम दिला: आजपासून चौथ्या दिवशी शहरातल्या सगळ्या गोरगरिबांना बोलवा आणि प्रत्येकाला टोपी, बंडी आणि पांघरूण द्या. गावातले शिंपी कामाला लागले आणि ठरल्या दिवशी वाटप झाले. यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘चौथा दिवस’. कळवळा पुष्कळांना येतो. पण त्याला मुदत घालणे, शिंपी गाठणे, कापड मोजून घेणे हे ज्याला सुचते त्याच्या मागे माणसे उभी राहतात. आपण सभांमधून सलोख्याचे ठराव करतो तेव्हा तारीख कुठेच नसते. म्हणून ते ठराव इतिवृत्तात पडून राहतात.

ओर्छ्याच्या नत्थे खानाशी लढाई झाली तेव्हा जखमींना मलमपट्टी होत असताना बाई स्वतः तिथे हजर राहत, अंगावरून हात फिरवत, असेही गोडसे सांगतात. त्या जखमींमध्ये कोण कोण असेल, याचा विचार करा. मराठे, बुंदेले, पठाण, कोरी, सगळेच. किल्ल्यात आजही बाईंच्या बाजूने लढलेल्या गुलाम गौस खान, खुदाबख्श आणि मोतीबाई यांच्या समाध्या एकत्र आहेत. वेढ्यात बायका तोफांच्या मोर्च्यांवर काम करत होत्या, दारूगोळा वाहत होत्या, हे शत्रूच्या सेनापतीने, सर ह्यू रोज यांनीच आपल्या अहवालात नोंदवले आहे. दत्तक नामंजूर करून खालसा केलेल्या संस्थानात, खजिना रिकामा असताना, एका तरुण विधवेच्या शब्दावर एवढी वेगवेगळी माणसे उगीच उभी राहत नाहीत.

तो काळ मी सोज्वळ करून सांगणार नाही. ८ जून १८५७ला इथल्याच जोखनबागेत शरण आलेले इंग्रज पुरुष, बायका आणि लहान मुले मारली गेली. एप्रिल १८५८मध्ये शहर पडल्यावर इंग्रज फौजेने जी कत्तल केली, ती गोडसे लपून बसून पाहत होते. संस्थानचे ग्रंथालय त्यांच्यादेखत लुटले गेले, पोथ्या फाडून रस्त्यावर फेकल्या गेल्या. भिक्षुकी करणाऱ्या त्या माणसाची लेखणी या ओळींवर जितकी कळवळते, तितकी स्वतःच्या लुटीवरही कळवळत नाही. माणसे आधी एकमेकांना ‘ते’ म्हणू लागतात आणि मग कुणाच्या मुलांची, कुणाच्या पोथ्यांची गय होत नाही. आपल्या मुलांना हे दोन्ही प्रसंग एकत्रच सांगायला हवेत. एक सांगून दुसरा लपवणे म्हणजे पुढच्या फुटीची पेरणी आहे.

आता आशेविषयी. १ एप्रिलला बेतवेकाठी, झाशीच्या मदतीला आलेल्या, पेशव्यांच्या बाजूच्या तात्या टोपे यांच्या फौजेचा पराभव झाला आणि किल्ल्यातल्या लोकांचे अवसान गळाले. आजवर झाशी पेशव्यांच्या बळावर लढली नाही, यापुढेही त्यावाचून अडणार नाही, अशा अर्थाचे बोलून बाईंनी त्यांना पुन्हा मोर्च्यांवर उभे केले. हे सगळ्यांना माहीत असते. त्यानंतरचे मात्र फारसे सांगितले जात नाही. शहर पडल्यावर बाईंचाच धीर सुटला. तुम्ही सगळे निघून जा, मी वाड्याला आग लावून इथेच मरते, असे त्या म्हणाल्या. तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाने त्यांना बसवून समजावले आणि रात्री बाहेर पडण्याचा मार्ग सुचवला. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. पुढाऱ्याने सदैव खंबीर दिसलेच पाहिजे, असे आपण धरून चालतो आणि त्याला एकटे पाडतो. तिथे त्या म्हाताऱ्याला बोलण्याची मुभा होती, आणि राणीला ऐकून घेण्यात कमीपणा वाटला नाही. ज्या संस्थेत वडीलधारा माणूस अध्यक्षाला असे बोलू शकतो, ती संस्था टिकते.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी गोडसे भटजींची आणि बाईंची गाठ पडली. बाई घोड्यावरून आलेल्या, धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकूळ. भटजी पाणी शेंदून द्यायला पुढे झाले, तर त्या विद्वान ब्राह्मणाला आपल्यासाठी कष्ट नकोत म्हणून त्यांनी दोर स्वतः हाती घेतला. राज्य गेलेले, मागावर शत्रू, आणि समोरच्या माणसाचा मान राखण्याचे भान मात्र तसेच.

हा वारसा राजघराण्यापुरता नाही. या गावचे सदाशिवराव मलकापूरकर हे चंद्रशेखर आझादांचे साथी. १९२९मध्ये भगवानदास माहौर यांच्याबरोबर ते भुसावळला पकडले गेले आणि त्यांनी दीर्घ कारावास सोसला. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांना कळले, की आझादांच्या आई जगरानीदेवी भाबरा गावी हलाखीत एकट्या दिवस काढत आहेत. ते त्यांना झाशीला घेऊन आले. स्वतःची ओढगस्त असताना त्यांनी आणि माहौरांनी मिळून त्या माउलीला सांभाळले. सदाशिवरावांनी त्यांना तीर्थयात्रा घडवल्या आणि १९५१मध्ये त्या गेल्या तेव्हा मुलाच्या जागी उभे राहून अंत्यसंस्कार केले. एक मराठी, एक बुंदेलखंडी हिंदी लेखक, आणि मध्ये एक म्हातारी आई. या माणसांवर मराठीत एखादे चांगले पुस्तक असायला नको का?

आठवणींचीही आपण वाटणी करून टाकली आहे. राणी मराठ्यांची, तिच्या बाजूने लढलेली झलकारीबाई कोरी समाजाची, गौस खान मुसलमानांचे. ज्या समाजाची जयंती, त्याचेच लोक. वृंदावनलाल वर्मांनी आपल्या कादंबरीत झलकारीबाईंना मानाची जागा दिली, २००१ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. मराठी वाचकाला मात्र त्या अजून ओझरत्याच ठाऊक आहेत. ही आपली उणीव आहे आणि ती भरून काढणे आपल्याच हाती आहे.

म्हणून माझी विनंती ठरावाची नाही, कामाची आहे. इथल्या मराठी घरांत जुनी पत्रे, वह्या, दस्तऐवज पेट्यांत पडून आहेत. ती वाळवीच्या आधी आपण गाठूया. सदाशिवरावांना पाहिलेली जी माणसे अजून असतील, त्यांच्याकडून ऐकून लिहून घेऊया. कोरी वस्तीतल्या, पुरानी झाशीतल्या मुसलमान मोहल्ल्यातल्या घरीही तितक्याच आपुलकीने जाऊया, आणि जमेल ते मराठीत व हिंदीत एकाच पुस्तकात छापूया. येत्या १८ जूनला, राणीसाहेबांच्या पुण्यतिथीला, पहिले टिपण तयार असावे. कोण कोणत्या घरी जाणार, ती यादी आज सायंकाळच्या सत्रापूर्वी करायची आहे. माझे नाव त्यात पहिले लिहा.