वारसा कोणाच्या नावे?



आम्ही बँकेत कारकून. वास्तुशास्त्राचे शिक्षण आम्हाला नाही. पण बँकेत एक गोष्ट आम्ही नेहमी पाहतो. खातेदाराने वारसाचे नाव नोंदवले नसेल, तर त्याच्या पश्चात घरच्यांना कागदांसाठी वणवण करावी लागते. पैसा त्यांच्या माणसाचाच असतो, फक्त नोंद नसते. वास्तूंच्या वारशाचेही तसेच आहे.

मुंबईत १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियमावली लागू झाली. वास्तूंच्या तीन श्रेणी ठरल्या आणि त्यांत फेरबदल करण्यापूर्वी वारसा समितीचा सल्ला घेण्याची पद्धत आली. व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, २००४ साली आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या. त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण त्यामुळे लालबाग-परळच्या माणसाचा असा समज झाला, की घुमट आणि कमानी म्हणजेच वारसा. आपल्या चाळीचा त्याच्याशी काय संबंध?

मित्रहो, नियम तसे म्हणत नाही. वास्तू निवडण्याच्या निकषांत बांधकामाच्या शैलीबरोबरच सामाजिक व आर्थिक इतिहासाशी असलेला संबंध आहे आणि थोर व्यक्ती किंवा घटनांशी असलेला संबंधही आहे. रकाने आहेत, ते भरणारे हात हवेत.

परळच्या बी.आय.टी. चाळीचेच पाहा. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या एक नंबरच्या चाळीत ५० आणि ५१ या दोन खोल्यांत बाबासाहेबांनी १९१२ ते १९३४ या काळात संसार केला. मूकनायक, बहिष्कृत हितकारिणी सभा, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद हे सारे त्याच काळातले. हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी ९ मार्च १९२४ रोजी बैठक झाली, तीही परळच्याच दामोदर हॉलमध्ये. पुढे ग्रंथांना जागा हवी म्हणून दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले. लंडनमध्ये बाबासाहेब विद्यार्थीदशेत राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. हे योग्यच झाले. मग परळच्या दोन खोल्यांचे मोल काय कमी आहे?

नोंदीची आठवण उशिरा आली तर काय होते, हेही आपण पाहिले. दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील छापखाना २५ जून २०१६ रोजी पहाटे पाडण्यात आला. हजारो लोक रस्त्यावर उतरले. पण मोर्चा निघाला तो भिंती पडल्यानंतर.

येथे कोणी विचारील, चाळी जपायच्या म्हणजे माणसांनी तशाच कोंडवाड्यात राहायचे काय? मुळीच नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बी.डी.डी.च्या २०७ चाळी होत्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, याचा आनंद मानला पाहिजे. बाबासाहेब स्वतःही दोन खोल्यांतच राहिले नाहीत. माणसाला चांगले घर मिळावे आणि इतिहासाला निदान एक खोली मिळावी, या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत.

म्हणून विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. रविवारी आपल्या चाळीतल्या वयोवृद्धांकडे वही घेऊन बसा. कोणत्या खोलीत रात्रशाळा चालली, कोणत्या पटांगणात सभा झाली, साल कोणते, सांगणारा कोण, हे लिहा. जुनी हस्तपत्रके व छायाचित्रे यांच्या प्रती काढा. एक प्रत संस्थेत ठेवा. वारसा यादीबाबत सूचना व हरकती मागवल्या जातील, तेव्हा दुसरी प्रत अर्जासोबत महापालिकेत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका!

आमच्या वडीलधाऱ्यांना लिहिता येत नव्हते, म्हणून बरेच काही त्यांच्याबरोबर गेले. आपल्याला लिहिता येते. आता नोंद राहिली नाही, तर दोष आपलाच.

जयभीम! नमो बुद्धाय!